शाल-श्रीफळाआधी नोंदवही

प्रश्न : सीनेच्या सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्या भागातल्या स्वयंसेवी शोध-बचाव पथकाने रात्रंदिवस काम केलं. गावातर्फे पथकाचा वार्षिक सत्कार करायचा आहे. वर्षभराचं काम मांडायचं कसं? ‘इतक्यांचे प्राण वाचवले’ असा फलक चालेल का?
– ग्रामपंचायत सदस्य, मोहोळ तालुका

उत्तर : आकडा तपासल्याशिवाय फलक छापू नका. पुरात एकाच सुटकेला अग्निशमन दल, पोलीस, एनडीआरएफ आणि गावची पोरं अशा चौघांचे हात लागतात, आणि तोच एक माणूस चार याद्यांत चढतो. त्यात ‘सुटका’ आणि ‘स्थलांतर’ यांची सरमिसळ होते. गुडघाभर पाण्यातून चाळीस जणांना शाळेत नेणं हे स्थलांतर. झाडाला धरून बसलेल्याला प्रवाहातून काढणं ही सुटका. दोन्ही कामं मोलाची, पण रकाने वेगळे. पथकाची नोंद तहसील कार्यालय आणि पोलीस ठाण्याच्या नोंदीशी ताडून पाहा. जिथे इतरही होते तिथे ‘सहभाग’ एवढंच लिहा.

नोंदवहीत प्रत्येक वर्दीच्या, म्हणजे मदतीसाठी आलेल्या बोलावण्याच्या, सहा वेळा हव्यात : वर्दी मिळाली, निघालो, पोचलो, काम सुरू, काम थांबलं, साहित्य धुऊन-वाळवून जागेवर ठेवलं. शेवटची वेळ बहुतेक पथकं लिहीतच नाहीत. समजा, सात जण दुपारी २.१० ते रात्री ८.४० कामावर होते. म्हणजे साडेसहा तास गुणिले सात, ४५.५ मनुष्यतास. मग दोघांनी दोन तास होडी आणि दोर धुतले, ते आणखी चार. एकूण ४९.५. हे चार तास साधे समजू नका. सीनेच्या गढूळ पाण्यातला गाळ होडीच्या मशीनला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेत बसतो. स्वच्छ पाण्यावर चालवून तो काढला नाही तर पुढच्या वर्दीला मशीन तापून बंद पडतं. टाकीत जुनं पेट्रोल राहिलं तर कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो, मग दोरी कितीही ओढा. नायलॉनचा दोर सावलीत वाळवावा लागतो, उन्हाने धागा कमकुवत होतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत तो गाडीच्या डिकीत टाकून ठेवणंही नको. जोराचा झटका बसलेला दोर वरून धडधाकट दिसला तरी बाद करायचा. असे किती दोर बाद केले, हाही वर्षाच्या कामातला आकडा आहे.

याशिवाय निष्फळ शोध, वाटेतच रद्द झालेली वर्दी, वारीत चंद्रभागेवरचा बंदोबस्त आणि सराव यांचे रकाने ठेवा. आणखी एक रकाना आवर्जून ठेवा : ‘उतरलो नाही’. वापरात नसलेल्या जुन्या विहिरीत हवा कोंदट असते, प्राणवायू कमी पडतो. पहिला बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा वेळी बी.ए. सेट, म्हणजे हवेचं नळकांडं आणि मुखवटा, येईपर्यंत ज्या पथकप्रमुखाने कडेवरच्या गर्दीच्या शिव्या खात कुणालाही उतरू दिलं नाही, त्याची ती नोंद सत्कारात मोठ्याने वाचा.

प्रश्न : एकालाच ‘उत्कृष्ट स्वयंसेवक’ पुरस्कार द्यावा का? भेट काय द्यावी?
– मंडळाचे कार्यकर्ते, पंढरपूर

उत्तर : एकालाच देणार असाल तर तो होडीत पुढे बसणाऱ्यालाच मिळणार, कारण फोटोत तोच येतो. वाहत्या पाण्यात एक जण वरच्या अंगाला उभा राहून वाहत येणाऱ्या ओंडक्यांवर नजर ठेवतो, एक जण खालच्या अंगाला थ्रो बॅग, म्हणजे फेकायच्या दोराची पिशवी, घेऊन तयार असतो. ते दिसत नाहीत. फोन घेणारा, साहित्याच्या चाव्या सांभाळणारा तर घटनास्थळीही नसतो. म्हणून पुरस्कार कामाला द्या, आणि ज्या कोळी बांधवांच्या होड्या आणि पाण्याची माहिती पथकाने वापरली त्यांना व्यासपीठावर बोलवायला विसरू नका. ही चूक फार होते.

भेटीचं म्हणाल तर शाली कपाटात पडून राहतात. त्यापेक्षा जाड सोलापुरी टॉवेल द्या, पाण्यातून वर आलेल्याला तो लागतोच. पैसे असतील तर प्रत्येकाच्या छातीच्या मापाचं आणि वजनाला पेलणारं लाइफ जॅकेट द्या. ढिलं जॅकेट पाण्यात अंगावरून वर सरकतं. हेल्मेट देणार असाल तर त्यावर मंडळाचं नाव रंगवू नका. रंगातल्या आणि गोंदातल्या द्रावकांनी प्लॅस्टिकचं कवच कमकुवत होऊ शकतं. धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी च्या लसी ही आमच्या मते सर्वांत शहाणी भेट. हिपॅटायटिस बी चे सहसा तीन डोस असतात आणि सहा महिने लागतात, तेव्हा पुढच्या पावसाळ्यासाठी डिसेंबरमध्येच सुरुवात करा. गट अपघात विमा काढलात तर वगळलेल्या जोखमींची यादी आधी वाचा. पाण्यातलं बचावकार्य त्यात असेल तर तो कागद निरुपयोगी.

तारीख गड्ड्याच्या, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या, यात्रेच्या दिवसांत धरू नका. तेव्हा हीच माणसं बंदोबस्तात असतात.

प्रश्न : सरकारी सन्मानासाठी पथकाचं नाव कुठे पाठवायचं?
– एक वाचक, करमाळा

उत्तर : दोन वाटा आहेत, त्यांची गल्लत करू नका. जीवन रक्षा पदक व्यक्तीला, एका विशिष्ट प्रसंगातल्या धाडसासाठी मिळतं. त्याच्या सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा अशा तीन श्रेणी आहेत. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य शासनाकडे जातो. पंचनामा, पोलिसांची नोंद आणि प्रत्यक्षदर्शींचे जबाब त्याच आठवड्यात गोळा करा. नंतर साक्षीदार सापडत नाहीत.

सबंध पथकासाठी सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार आहे. तो २३ जानेवारीला जाहीर होतो. संस्थेला ५१ लाख रुपये आणि प्रमाणपत्र, व्यक्तीला ५ लाख. अर्ज केंद्र सरकारच्या पुरस्कार पोर्टलवर भरायचा असतो. संस्थेला ही रक्कम आपत्ती व्यवस्थापनाच्या कामालाच वापरावी लागते. अर्जात भावनेला जागा नसते. मनुष्यतास, सराव, प्रशिक्षित माणसं हेच भरायचं असतं. नोंदवही नसेल तर अर्ज भरायला बसूच नका.

प्रश्न : कार्यक्रमात उजनीतल्या शोधकार्याचे फोटो पडद्यावर दाखवावेत का?
– एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर : मृतदेहाचा, स्ट्रेचरचा, काठावर बसलेल्या नातेवाइकांचा एकही नको, चेहरा पुसूनसुद्धा नको; कपड्यांवरून माणूस ओळखू येतो. होडी, दोर, सराव दाखवा. मृतांच्या घरी आधी एकदा जाऊन या, पण त्यांना व्यासपीठावर बोलावू नका.