दुकानाला पहिलेच सीसीटीव्ही कॅमेरे बसवताय?

म्हापशात छोटं दुकान, चार कॅमेरे, मग सोळा चॅनेलच्या मागे कशाला लागता? एका कॅमेऱ्याला एक चॅनेल; आठ चॅनेलचा रेकॉर्डर घ्या, पुढे कॅमेरे वाढवता येतील. कॉम्प्युटरला लावायचा वेबकॅम या कामाचा नव्हे.

भिंतीत जुनी कोअॅक्सियल वायर (केबल टीव्हीसारखी) असेल तर त्यावर चालणारा रेकॉर्डर, म्हणजे डीव्हीआर, स्वस्तात पडेल. वायरिंग नव्याने करणार असाल तर आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, म्हणजे पीओईवाला एनव्हीआर घ्या. पीओई म्हणजे एकाच लॅन केबलमधून वीजही जाते, चित्रही येतं.

नवख्यांचं खरं चुकतं ते जागेत. गल्ल्यामागून शटरकडे तोंड करून कॅमेरा लावला, की बाहेरच्या उन्हापुढे गिऱ्हाइकाचा चेहरा काळाठिक्कर. तिथे डब्ल्यूडीआर (उजेड आणि अंधार दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवणारी सोय) हवंच. आणि फार उंच टांगू नका, नाहीतर चोराचं टक्कल तेवढं पोलिसांना दाखवाल!

2 मेगापिक्सलचा कॅमेरा 2 एमबीपीएसवर (सेकंदाला 2 मेगाबिट) दिवसाला साधारण 21 जीबी खातो. चार कॅमेऱ्यांना 1 टीबीची हार्ड डिस्क जेमतेम अकरा दिवस पुरते. 2 टीबी घ्या, तीही सर्व्हेलन्सची (सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेली); जुन्या पीसीतली काढून लावू नका.

बाकी थोडक्यात:
- बाहेरचा कॅमेरा आयपी67 (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा). त्याच्या वायरचे जोड बंद डब्यात; आपल्या पावसात आणि खाऱ्या हवेत आधी तेच गंजतात.
- रेकॉर्डर आणि राउटर यूपीएसवर.
- पासवर्ड पहिल्याच दिवशी स्वतः बदला.

एआय, नंबरप्लेट वाचणं वगैरे आत्ता नको. बसवणाऱ्याचे पूर्ण पैसे मात्र रात्री दिवे घालवून फुटेज बघितल्यावरच द्या.