बोलिव्हियातलं उआयना पोतोसी शिखर चढायच्या आधी ला पाझमध्ये दोन दिवस मोकळे आहेत, काय बघावं?

पहिल्या दिवशी काहीच बघू नका! शहरच ३,६०० मीटरवर, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. हॉटेलचा जिना चढतानाच धाप लागते. कोकाच्या पानांचा चहा प्या, हलकं जेवा, झोपा. (उरलेली पानं भारतात आणू नका, गुन्हा आहे.)

दुसऱ्या दिवशी तेलेफेरिको, म्हणजे इथली केबल कार. शहराची लोकलच म्हणा, २०१४ पासून चालू आहे. लाल लाइन पकडून वर एल आल्तोला जा. वाटेत पायाखालून दफनभूमी सरकते, कपाटाच्या खणांसारखी एकावर एक रचलेली थडगी. आकाश मोकळं असेल तर इयिमानी शिखराचा बर्फही दिसतो. वर ४,००० मीटरच्या पुढे फिरणं होतं, तेवढाच सराव.

खाली उतरल्यावर सान फ्रान्सिस्को चर्चमागचा चेटकिणींचा बाजार. दुकानांबाहेर लामाचे सुकवलेले गर्भ टांगलेले असतात. घर बांधताना ते पाचामामेला, म्हणजे धरणीमातेला अर्पण करून घराच्या पायात पुरतात. आपलं भूमिपूजनच, जरा अंगावर येणारं. शेजारच्याच सागार्नागा रस्त्यावर गिर्यारोहणाचं सामान भाड्याने मिळतं. बूट मात्र तुमचे जाड मोजे घालूनच मापून बघा. चंद्रदरी (शहराजवळची मातीच्या सुळक्यांची दरी) वगैरे शिखरावरून परतल्यावर बघा.