ई-सिगारेटचा झुरका गरम का लागतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मी मर्चंट नेव्हीत आहे, घर खारघरला. बोटीवर ई-सिगारेट ओढतो; तिचा टँक, म्हणजे लिक्विडची टाकी, स्वतः कॉइल (तापणाऱ्या तारेचं वेटोळं) बसवायचा आहे. २६ गेजची कँथल (तापणाऱ्या मिश्रधातूची तार), ३ मिमीच्या दांडीवर ६ वेढे, ०.८५ ओहम, ३० वॉट. चव छान, पण वाफ इतकी गरम की दुसऱ्या झुरक्याला ठसका लागतो. वॉट कमी केले तर मजाच जाते. काय करू?

वॉटचं बटण जरा बाजूला ठेवा आणि तारेकडे बघा. वाफ किती गरम लागते हे नुसत्या वॉटवर ठरत नाही; ते वॉट तारेच्या किती पृष्ठभागावर वाटले जातात त्यावर ठरतं. तुमची तार पाय (दोन्ही मोकळी टोकं) धरून साधारण ७३ मिमी लांब असणार, म्हणजे पृष्ठभाग ९२ चौरस मिमीच्या आसपास. ३० वॉट त्यावर टाकले की दर चौरस मिमीला ०.३३ वॉट पडतात. हे जास्तच आहे.

आता २४ गेजची, म्हणजे जरा जाड, कँथल घ्या आणि त्याच दांडीवर ७ वेढे द्या. रोध ०.६ ओहमच्या जवळ येईल, पृष्ठभाग १३७ चौरस मिमीच्या घरात जाईल. तेच ३० वॉट, पण दर चौरस मिमीला ०.२२. वाफ तेवढीच भरते, चटका कमी होतो. मात्र या कॉइलमध्ये धातू जवळजवळ दुप्पट असतो, त्यामुळे बटण दाबल्यावर ती तापायला क्षणभर जास्त घेते. म्हणून आणखी जाड तारेच्या किंवा क्लॅप्टनसारख्या (तारेवर बारीक तार गुंडाळलेल्या) नक्षीदार कॉइलच्या मागे लागू नका. फोटोत त्या देखण्या दिसतात, पण तुमच्या तक्रारीवर त्या औषध नाहीत.

तार बदलण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा: हवेची खिडकी पूर्ण उघडा आणि हवेचं भोक नेमकं कॉइलच्या मध्यावर येतंय ना, ते पाहा. कॉइल एका बाजूला सरकलेली असेल तर हवा तिला न शिवताच निघून जाते. तोंडाची नळी आखूड असेल तर थोडी लांब लावा. वाफ वाटेतच थोडी निवते.

लेक मँचेस्टरला शिकते, आम्ही ठाण्यात. ती म्हणते, नवी कॉइल लावली तरी दोन दिवसांत जळकट चव येते. तारेचा दोष असेल का?

बहुतेक कापसाचा, म्हणजे कॉइलमध्ये लिक्विड शोषून आणणाऱ्या वातीचा. कॉइलमधून ओढताना कापूस किंचित अडला पाहिजे, तारेने हललं नाही पाहिजे. तो खच्चून भरला तर लिक्विड वर चढत नाही, मधला भाग कोरडा पडतो आणि करपतो. दोन्ही टोकं सैल विंचरून तळाला टेकवायची, कोंबायची नाहीत. ग्लिसरीन जास्त असलेलं लिक्विड घट्ट असतं, सावकाश चढतं. अशा वेळी दोन झुरक्यांमध्ये थोडं थांबावं.

कापूस घालण्याआधी कॉइल कमी वॉटवर हलकेच पेटवून बघायची. ती मधून बाहेर, एकसारखी लाल व्हायला हवी. एखादा वेढा आधीच भडकला तर बटण सोडायचं आणि सिरॅमिकच्या चिमट्याने वेढे हळूच दाबून सारखे करायचे. बटण दाबलेलं असताना चिमटा लावू नये. आणि जळकट झुरका आला तर तो पुरा ओढू नये, हे तिला नक्की सांगा: कोरड्या कॉइलवर ग्लिसरीन तापून अॅक्रोलीन आणि फॉर्मल्डिहाइड तयार होतात.

तापमान आपोआप धरणारं यंत्र घेतलं तर वायरिंगची कटकट संपेल का?

थोडी. पण कँथलवर ते चालत नाही. तापल्यावर तारेचा रोध किती वाढला यावरून यंत्र तापमान ओळखतं, आणि कँथलचा रोध जवळजवळ वाढतच नाही. ३१६एल स्टेनलेस स्टील किंवा निकेल हवं. २०० अंश सेल्सिअसच्या आसपास सुरुवात करा. रोध मात्र कॉइल पूर्ण गार असतानाच नोंदवा, नाहीतर पुढचे सगळे आकडे चुकतात.

०.२ ओहमची कॉइल साध्या, सर्किट नसलेल्या, नुसता सेल बसणाऱ्या नळीवर चालेल?

नको. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्टचा, त्याला ०.२ ओहमने भागा, २१ अँपिअर होतात. अशा यंत्रांत घालतात त्या बहुतेक १८६५० मापाच्या सेलना हे झेपत नाही.

घोडबंदर रोडवरून एक वडील: मुलाच्या दप्तरात हायलायटरसारखी वस्तू सापडली. त्यातली कॉइल काढून टाकली तर वापर थांबेल ना?

ती बहुधा वापरून फेकायची ई-सिगारेट असते. तिच्यात दुरुस्तीला काही नसतं, मात्र लिथियम सेल असतो, तेव्हा उघडूच नका. त्यातलं निकोटिन मीठ-स्वरूपातलं असेल तर घशाला सौम्य लागतं, म्हणून मुलांना मात्रा कळतच नाही. पाकिटावर ५ टक्के लिहिलं असेल तर एका मिलीलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. आधी मुलाशी बोला, मग रागवा. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तीही वापरा.

मँचेस्टरहून येताना लेकीला तिचा टँक आणता येईल का?

नाही. २०१९च्या कायद्याने आपल्याकडे ई-सिगारेटच्या आयातीला बंदी आहे, आणि कायद्यात तिचे सुटे भागही येतात. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टँक, तार, कापूस सगळं मँचेस्टरलाच राहू द्या.