व्हिएतनाममधल्या ‘सापा’ या डोंगरातल्या गावाला तीन दिवस पुरतील का? तिथल्या गावांतल्या बायका वस्तू विकायला मागे लागतात म्हणे, त्यांना कसं टाळावं?

तीन दिवस पुरतात. हनोईहून रात्रीच्या रेल्वेने लाओ काय शहर गाठायचं आणि पुढे साधारण ३५ किलोमीटरचा घाट चढायचा, नाहीतर सरळ बसने पाच-सहा तासांत सापा. २०१४ साली द्रुतगती महामार्ग झाल्यापासून बहुतेक लोक बसनेच जातात. एवढं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मी लिहायला बसले ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे.

त्या बायकांना टाळू नका.

माझं माहेर भोर तालुक्यातलं, भाताचं. आवणीच्या दिवसांत मी चिखलात उभी राहिलेली आहे. त्यामुळे सापाच्या खालचं मुओंग होआचं खोरं पहिल्यांदा समोर आलं तेव्हा आमची सगळी मंडळी फोटो काढत होती आणि मी पाणी कुठून येतंय ते शोधत होते. वरच्या रानातला ओहोळ वळवून आणलेला, काही ठिकाणी बांबूच्या पन्हळीतून. पहिलं खाचर भरलं की बांधाला ठेवलेल्या तोंडातून पाणी खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात, असं थेट ओढ्यापर्यंत. काही खाचरं इतकी अरुंद की रेडा वळवायचा कसा, हेच कळू नये. बांध मातीचे. दरवर्षी तासायचे, चिखलाने लिंपायचे, उंदीर-खेकड्यांची बिळं बुजवायची. आणि एवढं करून थंडीमुळे वर्षाला पीक एकच. खाली लाल नदीच्या सपाटीवर दोन पिकं निघतात, इथे नाही. एका पिकाचा भात अनेक घरांना वर्षभर पुरत नाही. तुमच्या ‘मागे लागतात’ची सुरुवात इथून आहे.

आम्ही गेलो होतो ते मी, नवरा, थोरले दीर, जाऊबाई आणि मुलं. हनोईच्या एका एजन्सीचं पॅकेज, सोबत गाइडही शहरातलाच, देशातल्या बहुसंख्य किन्ह समाजातला मुलगा. गावाबाहेर पडलो तशा ‘काळे ह्मोंग’ या तिथल्या डोंगरी जमातीतल्या चार-पाच बायका आमच्याबरोबर चालायला लागल्या. पाठीला करंडी, पायात प्लॅस्टिकच्या चपला. रात्री पाऊस झालेला, लाओ चाय गावाकडे उतरणारी वाट नुसता राडा. जाऊबाईंचा गुडघा तेव्हाही दुखराच होता.

त्यांतल्या एकीने ते बघितलं, आम्ही कुणी काही बोलायच्या आत. तोवर ती चालता चालता अंबाडीसारख्या कसल्याशा सालीचे तंतू टोकाला टोक जोडत, पीळ देत हातावर गुंडाळत होती. (हेम्प. त्याचंच कापड विणतात आणि मेणाने नक्षी काढून निळीत रंगवतात.) ते गुंडाळं तिने करंडीत टाकलं आणि जाऊबाईंच्या पुढे जाऊन उभी राहिली. घसरड्या जागी ती आधी आपलं पाऊल आडवं रोवायची, मग यांना त्या पावलाला बूट टेकवून उतरायला लावायची. प्रत्येक पायरीला हेच. तिच्या नखांच्या कडा आणि बोटांची पेरं निळीने कायमची निळी झालेली. शाळेत फारशी गेली नव्हती, इंग्रजी मात्र पर्यटकांशी बोलून बोलून झकास. मुलं किती, सासू आहे का, तुमच्याकडे भात कधी लावतात, सगळं विचारून झालं. जाऊबाईंना आणि मला त्या दिवशी शहरातल्या गाइडपेक्षा तिच्याकडून जास्त कळलं. तो पुढे मुलांबरोबर चालला होता.

ता वान गावात जेवायला बसलो तेव्हा तिने करंडी उघडली. पिशव्या, पट्टे, उशीचे अभ्रे. म्हणाली, आता माझ्याकडून काहीतरी घ्या. दीर म्हणाले, “हिला चल म्हणून कुणी सांगितलं होतं? हा सगळा सापळा आहे.” मग एका पिशवीचा भाव अर्ध्याच्याही खाली आणला आणि ती कशीबशी तयार झाल्यावर “नको” म्हणून उठून गेले. मी दोन पिशव्या घेतल्या, ती सांगेल त्या किमतीला. जाऊबाईंनी वेगळे पैसे तिच्या हातात ठेवले.

हा विषय आमच्याकडे दर गणपतीत निघतो. दिरांचं म्हणणं ठरलेलं : मोबदला हवा असेल तर आधी बोलायचं, मदत करून मग पैसे मागणं ही फसवणूक. माझं म्हणणं असं, की आपण ज्याचे फोटो काढायला इतक्या लांब गेलो, ते खाचर राखणाऱ्याला आपल्या पॅकेजमधून काय मिळतं? सापा गावातली मोठी हॉटेलं बहुतेक बाहेरून आलेल्यांची आहेत. एजन्सी हनोईत. शेतकऱ्याच्या घरात पैसा जायला उरते ती ही करंडी. बांध लिंपणं दोन पावसाळे थांबलं, तर त्या डोंगराकडे बघायला काही राहणार नाही. दुसऱ्या दिवशी फान्सिपान शिखराच्या (३,१४७ मीटर) रोपवेचं महागडं तिकीट काढताना दीर अवाक्षर बोलले नाहीत. तो रोपवे २०१६ चा. त्याआधी त्या शिखरावर दोन-तीन दिवस चालत जावं लागायचं आणि ओझी ह्मोंग पोरं वाहायची.

तेव्हा तुम्ही असं करा. पॅकेज घेऊ नका. सापामध्ये ह्मोंग बायकांनी स्वतः चालवलेल्या ट्रेकिंगच्या संस्था आहेत, त्यांच्याकडून गाइड घ्या आणि मुक्काम सापा गावात न करता ता वानला किंवा त्याच्याही पुढे कुणाच्या घरी करा. वाटेत बायका सोबत आल्याच तर काही घ्यायचं असेल तर तसं सांगा, घ्यायचं नसेल तर सुरुवातीलाच स्पष्ट “नाही” म्हणा. “नंतर बघू” कधीच म्हणू नका. तुम्ही ते टाळायला म्हणता, ती शब्द दिला म्हणून लक्षात ठेवते आणि तुमच्यासाठी अर्धा दिवस चालते. घासाघीस करायचीच असेल तर ती हनोईत एजन्सीशी करा.

लहान मुलांकडून मात्र काहीही घेऊ नका, कितीही गोड बोलली तरी. विक्री झाली की ती शाळेत जायची थांबतात. तिथे तशा पाट्याही लावलेल्या आहेत. शिवाय सगळाच माल हाताचा नसतो, बराचसा कारखान्यातला छापील आहे. कापड उलटं करून बघा. मेणाची नक्षी मागच्या बाजूलाही उतरते, छापील कापड मागून फिकं पडतं. खऱ्या निळीचा रंग जातो, वेगळं धुवा.

काट काट गावाला तिकीट आहे आणि भाड्याच्या पोशाखात फोटो काढणाऱ्यांची गर्दी. मी तरी जा म्हणणार नाही.

कधी जावं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मे-जूनमध्ये खाचरांत पाणी भरलेलं असतं, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये पिवळं भात. सप्टेंबर वादळांचाही महिना आहे. २०२४ साली यागी वादळानंतर याच लाओ काय प्रांतात दरडी कोसळून, पुराचे लोंढे येऊन गावंच्या गावं गाडली गेली. अंदाज वाईट असेल तर तिकीट बुडालं तरी चालेल, जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं की पुढचं खाचर दिसत नाही. शाकाहारी असाल तर “अन चाय” म्हणा आणि भाजीत माशाचा सॉस नको, हे वेगळं सांगा.

चौथा दिवस काढता आला तर रोपवेऐवजी ता फिनला, ‘लाल झाओ’ जमातीच्या गावाला जा. त्यांच्या बायका औषधी पाल्याच्या काढ्याची लाकडी टबात आंघोळ घालतात. चालून आलेल्या पायांना फार बरं वाटतं.