वाचक विचारतात : हे मिग-21 नेमकं कोणतं?

प्रश्न : 26 सप्टेंबर 2025 ला मिग-21 निवृत्त झालं, तेव्हापासून त्याचे जुने फोटो सारखे दिसतात. आपल्या ओझरला बनलेले प्रकार ओळखायचे कसे?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नाकापासून सुरुवात करा. पुढे आलेली लांब दांडी म्हणजे पिटो नळी, हिच्यावरून वेग कळतो. ती हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या वर बरोबर मधोमध असेल तर एफएल हा प्रकार, हवाई दलाच्या बोलीत टाइप 77. उजवीकडे सरकलेली असेल तर एम किंवा बिस हे प्रकार. उजवीकडे म्हणजे वैमानिकाच्या उजवीकडे. समोरून काढलेल्या फोटोत ती डावीकडे दिसते आणि इथंच घोळ होतो. खात्रीसाठी उघडी कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरचं काचेचं झाकण बघा. एफएलची समोरच्या काचेसकट पुढे उलटते, एम आणि बिसची उजव्या कुशीवर कलते. पंखांखालचे पायलॉन, म्हणजे शस्त्रं टांगायचे आधार मोजा : एफएलला दोन, बाकीच्यांना चार.

एफएलला स्वतःची तोफ नव्हती. लागलीच तर पोटाखाली जीपी-9 ही पेटी टांगत; आत 23 मिलिमीटरची दुनळी तोफ आणि 200 गोळ्या. एममध्ये ही तोफ पोटातच बसवली. एमपेक्षा बिसची पाठ फुगीर. बिसचंच पुढे सुधारून बायसन झालं. त्याची समोरची काच सलग, मध्ये पट्ट्या नाहीत.

रंगावर आणि क्रमांकावर मात्र जाऊ नका. चौकात उभं करताना विमान बऱ्याचदा नव्यानं रंगवतात.

प्रश्न : हे विमान स्वस्त होतं म्हणून पडायचं का?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : स्वस्त म्हणजे कच्चं नव्हे, पण काटकसर जिथं केली तिथंच ते अवघड झालं. इंजिन एकच, पक्षी आत गेला की दुसरा आधार नाही. पंख छोटे, त्रिकोणी. वेग कमी करून नाक उचललं की हवेचा विरोध एकदम वाढतो, विमान भराभर खाली बसू लागतं, आणि इंजिनाला जोर धरायला काही सेकंद लागतात. म्हणून उतरायला यायचं तेच ताशी 300 किलोमीटरच्या वर, आणि टेकल्यावर शेपटीचं पॅराशूट. नवशिक्यांसाठी हॉक हे प्रगत जेट ट्रेनर 2008 मध्ये आलं. तोवर संथ ट्रेनरवरून थेट या वेगावर उडी होती. आमच्या मते पंखांइतकाच हा उशीर नडला.

प्रश्न : ओझरला आता काय बनतं?
— एक वाचक, निफाड

उत्तर : 1964 चा हा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना मिगसाठीच उभा राहिला, मग तिथं सुखोई-30 एमकेआय बनली. 17 ऑक्टोबर 2025 ला इथल्या पहिल्या तेजस एमके-1ए नं उड्डाण केलं. पंचक्रोशीत कारखान्याला अजूनही ‘मिग’च म्हणतात.