वाचक विचारतात: घरातल्या बायकांच्या तपासणीसाठी पुरुषाने काय करायचं?

प्रश्न: ताई, मी गुहागरचा, नोकरीला मुंबईत. आत्याच्या छातीत गाठ होती, वर्षभर कोणाला बोललीच नाही, स्तनाचा कॅन्सर आहे हे कळलं तेव्हा तो काखेपर्यंत गेलेला. घरी आई, बायको, बहीण आहेत, त्यांना तपासून घ्या म्हणायचंय पण पुरुषाने हा विषय काढायचा कसा?

उत्तर: दादा, आत्याचं वाचून फार वाईट वाटलं. आपल्याकडे हे असंच होतं, गाठ दुखत नाही, वर भाताची लावणी तोंडावर, मग गणपती, मग चाकरमानी परत गेले की बघू, यात वर्ष जातं. सुरुवातीची गाठ बहुतेकदा दुखतच नाही, तिथेच फसायला होतं. त्यामुळे आडून आडून नको, गाठ लागतेय का, कातडीला खळगा पडलाय का, बोंड आत ओढलंय का किंवा त्यातून रक्त येतंय का, असं बायकोला सरळ विचारा. आईशी तीच बोलेल.

पण नुसतं "जाऊन ये गं" म्हटलं की कोणी जात नाही हो. एसटी कितीची, सोबत कोण, त्या दिवशी जेवण कोण करणार, गुरं कोण बघणार, हे तुम्ही अंगावर घ्या, सुट्टी टाकून या आणि स्वतः घेऊन जा. तिशीपुढच्या बायकांची ही हाताने करायची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, काही मिनिटांचं काम. हाताने तपासून काय कळणार असं म्हणू नका, परळच्या टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला, त्यातल्या निम्म्यांना आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानेच तपासलं, तर पन्नाशीपुढच्यांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले! काही निघालंच तर सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात, रेशनकार्ड आणि आधार आत्ताच शोधून ठेवा.

आणि आत्या म्हणजे वडिलांकडचं रक्त. लोक फक्त आईकडचं विचारतात, पण काही घराण्यांत हा दोष जीन्समधून येतो आणि तो बापाकडूनही मुलामुलींकडे जातो, म्हणून बहिणीला तपासायला नेताना डॉक्टरांना आत्याचं नक्की सांगा, तिला किती वयात झाला तेही. शंभरात एखादा रुग्ण पुरुष असतो, तेव्हा तुमच्या किंवा वडिलांच्या बोंडामागे कडक गाठ लागली तर तीही दाखवायची.