घरात काय राहिलं, ते विचार

प्रिय बाळ,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. नोकरी लागली, तीही गावोगावच्या उपजीविकेवर काम करणाऱ्या संस्थेत, हे वाचून फार बरं वाटलं. पण पत्राच्या शेवटी तू जे विचारलंस, त्यानं मला दोन दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. शेती आणि मासेमारी वाढली की गरिबी आणि भूक हटते असं प्रत्येक अहवालात लिहिलेलं असतं, मग बीडला तुमच्या घरी तीन पिढ्या शेती करूनही हात रिकामेच का?

अहवाल खोटं सांगत नाहीत. जागतिक बँकेनं २००८ च्या जागतिक विकास अहवालात मांडलं होतं की शेतीतून आलेली वाढ गरिबी कमी करण्यात बाकीच्या क्षेत्रांपेक्षा निदान दुप्पट परिणामकारक ठरते. माझा त्यावर विश्वास आहे. पण शेजारी दुसरा आकडा ठेव. केंद्राच्या २०१८-१९ च्या पाहणीत शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकातून आलेले ३,७९८ आणि मजुरीतून आलेले ४,०६३. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याची चूल पिकापेक्षा मजुरीवर जास्त पेटते. तुझ्या आजीनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, असं तूच लिहिलं आहेस. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्याच काळात रुजली. शेतं करपली होती, तरी माणसं तगली, कारण हातात मजुरी होती. शिवारात काही नव्हतं, पण घरात भाकरी येत होती.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण मला हे सगळं मुंबईच्या वेसावे कोळीवाड्यातच समजलं. बाबांची डोल होती, म्हणजे ओढीच्या पाण्यात लावून ठेवायचं पिशवीसारखं जाळं. उधाणाला पाण्याची ओढ वाढली की डोल लावायची, भांगाला, म्हणजे ओढ मंदावली की, होडी किनाऱ्याला. जाळ्यात यायचे बोंबील, मांदेली, करदी आणि जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी. पापलेट क्वचित. होडी लागली की आई पाटी भरायची, पण त्याआधी एक वाटी जवळा बाजूला काढायची. काही झालं तरी ती वाटी विकली जायची नाही. सावकाराचा माणूस दारात उभा असतानासुद्धा मी तिला ती वाटी काढताना पाहिलं आहे. आम्ही पाच भावंडं वाढलो ती त्या वाटीवर.

उरलेलं वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडणीवर, नि ओट्यावर सुकायचं. आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या, आधी मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात ते जायचं. पावसाळ्यात दर्या बंद, भाजी महाग, काम नाही, अशा वेळी गरिबाच्या भाताबरोबर सुकट असायची. जवळा माणूस सबंध खातो, कवचासकट. त्यात प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे, त्याला फ्रिज लागत नाही आणि चिमूटभरानं कालवणाला चव येते. भुकेशी लढणारं याहून स्वस्त अन्न या किनाऱ्यावर मला ठाऊक नाही. पोषणाच्या बैठकांमध्ये त्याचं नाव क्वचित निघतं, याचं मला मनापासून दुःख होतं.

आज बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्यांतून वाढ न झालेली मासळी ढिगानं वर येते. त्यातली कितीतरी फिशमीलच्या कारखान्यांकडे जाते, त्याचं खाद्य होतं, त्यावर तळ्यातली कोळंबी पोसली जाते आणि ती परदेशी रवाना होते. यातून पैसा येतो, रोजगारही मिळतो, तो मी नाकारत नाही. पण कागदावर ते टन आणि माझ्या आईची वाटी एकाच रकान्यात बसतात, "उत्पादन" म्हणून. २०२३ मध्ये राज्यानं पापलेटला राज्यमासा केलं आणि ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. चांगलं झालं. लहान मासळीला एकदा तरी अंडी घालू दिली, तर पुढच्या वर्षी डोलकराच्या जाळ्यात काहीतरी येईल.

माझ्या हातून झालेली चूकही तुला ठाऊक असावी. निवृत्तीआधीची काही वर्षं मी विक्रमगडकडे शेततळ्यांवर काम केलं. रोहू, कटला, मृगळाचं बीज सोडलं, खाद्य दिलं, दहा महिन्यांत मासे भरले. एकाच दिवशी व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि सगळं उचललं. मी खुशीत अहवाल लिहिला. महिन्याभरानं त्यातल्याच एका घरी जेवायला बसले, तर ताटात भात आणि पाण्यासारखी आमटी. त्या बाईला विचारलं, मासे खाल्ले का? ती म्हणाली, "बाई, ते विकायचे होते ना?" तिला तसं मीच शिकवलं होतं. आलेले पैसे जुन्या उचलीत गेले आणि दिवाळीनंतर ते कुटुंब नेहमीसारखं वीटभट्टीवर गेलं. पुढच्या खेपेला आम्ही मोठ्या माशांबरोबर तळ्यात गावातली बारीक मासळी राहू दिली, ती मारली नाही. आठवड्याला घरच्या बाईनं घरापुरती काढायची, असं ठरवलं. विक्री थोडी कमी झाली. अहवालात ती घट दिसली आणि मला वरून विचारणा झाली. मी उत्तर दिलं.

मुंबईत बसून तुला हे दूरचं वाटेल. पण तुझ्या खोलीतल्या नळाचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा इथलं आहे. त्याच डोंगरांत मोखाडा आहे, जव्हार आहे. १९९२-९३ ला वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली, ते गाव या शहरापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे.

तू पाहणीचा तक्ता पाठवलास. एकरी उतारा, बीज, अनुदान, विक्री, नफा, सगळं नीट आहे. त्यात तीन रकाने वाढव. त्या घरातल्या सगळ्यात लहान मुलानं गेल्या सात दिवसांत मासळी, डाळ किंवा अंडं किती वेळा खाल्लं. विक्रीचा पैसा कोणाच्या हातात आला. आणि त्यातला किती जुन्या देण्यात गेला. पुरुषांना शेवटचे दोन विचार, पहिला बाईला विचार, तोही ती चुलीपाशी असताना. तुझे साहेब म्हणतील, तक्ता लांबतो. लांबू दे. लागलं तर खतांच्या कंपन्यांची नावं काढून टाक, त्यांचं कोणाला काही पडलेलं नसतं.

रविवारी पहाटे साडेचारला डॉकयार्ड रोड स्टेशनच्या बाहेर थांब, भाऊच्या धक्क्यावर लिलाव बघायला जाऊ. आधी मोठ्या मासळीचा लिलाव बघ, मग कडेला बसलेल्या बायकांकडे बघ, त्या काय विकत घेतात आणि किती उधारीवर. जुनी चप्पल घाल, तिथं पाणी फार असतं.

तुझी
मावशी